छातीवरचा दगड आणि छातीतली कळ

रात्री अडीचच्या सुमाराला आमच्या लक्षात आलं, की वडिलांनी रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली आहे. पाकिटातल्या रिकाम्या खाचा मोजल्यावर खात्री पटली. मी आरोग्य सल्ला देणाऱ्या फोनसेवेचा नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ते जागे आहेत ना? तुमच्याशी नीट बोलताहेत?" मग श्वास, घाम, चक्कर. मग गोळीचं नाव, ती किती मिलिग्रॅमची, किती वाजता घेतली, बरोबरीने आणखी कोणती औषधं चालू आहेत. एक शब्द वाया नाही. त्यांनी डॉक्टरांना लाइनवर घेतलं. काय करायचं आणि काय दिसलं तर क्षणभर न थांबता रुग्णालय गाठायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. फोन ठेवला तेव्हा माझ्या हाताची थरथर थांबली होती.

वडील पुढे दीड वर्षाने गेले, वेगळ्याच आजाराने. त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका रात्री मी पुन्हा तोच नंबर लावला. का लावला ते मला आजही नीट सांगता येत नाही. अडचणीला धावून आलेला तो नंबर होता, एवढंच. "काय त्रास होतोय?" असं विचारल्यावर मी म्हटलं, "छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. श्वास पुरत नाही. रात्र रात्र डोळा लागत नाही." लगेच प्रश्न सुरू झाले. कळ डाव्या हातात उतरते का? घाम फुटतो का? मळमळतं का? मधुमेह आहे? घरात कुणाला हृदयविकार? मी नाही, नाही म्हणत गेले. शेवटी उत्तर आलं, की तातडीचं काही दिसत नाही, सकाळी डॉक्टरांना दाखवून घ्या. "आणखी काही मदत हवी आहे का?" मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच प्रश्न याच क्रमाने विचारले असते. छातीवर ओझं वाटतंय असं सांगणाऱ्या माणसाला खरोखरच हृदयविकाराचा झटका आलेला असू शकतो. त्यातही बाईमाणूस असेल तर "टेन्शन घेतलं असेल" म्हणून तिची बोळवण होण्याचा धोका जास्त, हे डॉक्टरमंडळीही मान्य करतात. म्हणून आधी शरीराचे प्रश्न, हा क्रम योग्यच आहे. माझी तक्रार त्यानंतरच्या क्षणाबद्दल आहे. प्रश्न संपले, शरीर ठीक आहे असं ठरलं, आणि तिथेच त्या सेवेचं कामही संपलं.

काही दिवसांनी एका मैत्रिणीने दुसऱ्या एका सेवेचा नंबर दिला. ही सेवा मन मोकळं करण्यासाठी होती. दोनदा लाइन व्यस्त लागली, तिसऱ्यांदा लागली. पलीकडच्या गृहस्थांनी काहीही सुचवलं नाही. मी बराच वेळ गप्प होते, तेही गप्प राहिले. मध्ये एकदा त्यांनी सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" तसा विचार नव्हता, पण प्रश्न इतक्या साध्या आवाजात आला की बाकीचं सगळं बोलायला मला मोकळीक मिळाली. बोलण्याच्या ओघात मी सांगितलं, की वडिलांच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या मी अधूनमधून घेते. ते थांबले. म्हणाले, "औषधाबद्दल मी काही सांगू शकत नाही. डॉक्टरांशी बोला, नक्की बोला." त्यांनी प्रामाणिकपणे आपली मर्यादा सांगितली. पण पलीकडे असा कुणी नव्हता, ज्याच्याकडे ते मला तिथल्या तिथे सोपवू शकले असते.

म्हणजे एका सेवेला माझं शरीर दिसलं आणि दुसरीला मन. दोन्ही सेवा आपापल्या कामात चोख होत्या. मधल्या फटीत मात्र मी एकटीच होते.

फोन करणाऱ्याला आपला त्रास कोणत्या खात्यात जमा होतो हे ठाऊक नसतं, आणि ते त्याला ठाऊक असावं अशी अपेक्षा करणंच चूक आहे. आपली भाषाच बघा. पोटात गोळा येतो, काळजात चर्र होतं, हातपाय गळतात, डोकं सुन्न होतं, अंगात त्राण उरत नाही, जीव घाबरा होतो. "मला नैराश्य आलंय" हे वाक्य लेखात छापलेलं सापडतं. मध्यरात्री फोन लावणारा माणूस म्हणतो, "डोकं नुसतं भणभणतंय". उलटही घडतं. थायरॉइडचं काम बिघडलं की माणूस चिडचिडा होतो, नाहीतर खचल्यासारखा वागतो आणि स्वतःच्या स्वभावाला बोल लावत बसतो. बाळंतपणानंतर सतत रडू येणाऱ्या बाईला आपण वाईट आई आहोत असं वाटत राहतं. हा उपचार होण्यासारखा आजार आहे हे तिला कुणीतरी सांगावं लागतं. अशा माणसाला "शारीरिक तक्रारीसाठी एक दाबा, मानसिक तक्रारीसाठी दोन दाबा" असं सांगणं म्हणजे निदान त्यानेच करून यावं असं म्हणणं झालं.

या फोनसेवांचा इतिहास ज्या घटनेपासून सांगितला जातो, तिच्यातही हीच फट आहे. इंग्लंडमधले धर्मोपदेशक चॅड वारा यांना १९३५ साली, नव्यानेच काम सुरू केलं असताना, एका कोवळ्या वयाच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. तिला पहिली पाळी आली होती. तो काहीतरी लाजिरवाणा गुप्तरोग आहे असं समजून तिने जीव दिला होता. ही घटना वारा आयुष्यभर सांगत राहिले. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी जो फोन सुरू केला, त्यातून पुढे 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली. त्या मुलीला काय हवं होतं? आरोग्याची माहिती देणारं एक वाक्य हवं होतं: हे सगळ्या मुलींना होतं. आणि ते वाक्य ऐकण्याआधी, न लाजता विचारता येईल असा एक कान हवा होता. कान मिळाला नसता तर ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलंच नसतं, आणि नुसता कान मिळाला असता, वाक्य नसतं, तर तिची भीती तशीच राहिली असती.

वारांच्या कामाला पुढे जे वळण लागलं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांना भेटायला येणाऱ्यांची गर्दी वाढली, तेव्हा वाट पाहणाऱ्यांना चहा द्यायला आणि सोबत करायला काही स्वयंसेवक बसू लागले. वारांच्या लक्षात आलं, की पुष्कळ जण या स्वयंसेवकांशीच बोलतात आणि आपल्याला न भेटताच जरा सावरून परत जातात. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी ऐकण्याचं काम या स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. ऐकणं हे सल्ल्यापेक्षा वेगळं आणि स्वतंत्र काम आहे, ही जाणीव तिथून रुजत गेली. १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला आत्महत्या प्रतिबंधाचं केंद्र निघालं, १९६३ मध्ये सिडनीत 'लाइफलाइन' ही फोनसेवा, १९८६ मध्ये चेन्नईत 'स्नेहा' ही संस्था. आरोग्य सल्ल्याच्या फोनची वाट निराळी होती. इंग्लंडमध्ये १९९८ साली तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं (एनएचएसचं) 'एनएचएस डायरेक्ट' सुरू झालं तेव्हा फोनवर परिचारिका होत्या. पुढे त्याची जागा १११ या नंबरने घेतली आणि संगणकावरच्या प्रश्नमालेनुसार विचारणारे प्रशिक्षित कर्मचारी आले. एका परंपरेत थांबायला शिकवतात, दुसरीत निवडायला: हा रुग्ण आत्ता, हा सकाळी, हा घरीच बरा होईल.

ही दोन कामं एकमेकांच्या इतकी उलट आहेत की ती एकाच माणसाकडून एकाच वेळी करून घेता येणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे. आरोग्य सल्ला देणाऱ्याला नाव, वय, ठिकाण, औषधं, जुने आजार सगळं हवं असतं; माहिती अपुरी राहिली तर सल्ला चुकेल. ऐकणाऱ्याने यातलं काही विचारलं तर बोलणारा मिटतो. पहिल्याने बोलणं मुद्द्यावर आणायचं असतं, दुसऱ्याने ते भरकटू द्यायचं असतं, कारण खरी गोष्ट बहुतेक वेळा भरकटलेल्या वाक्यातच असते. पहिल्याचा गप्पपणा धोकादायक ठरू शकतो, दुसऱ्याचा गप्पपणा हेच त्याचं कौशल्य आहे.

ऐकण्याच्या जागी सल्ला घुसला की काय होतं, याचं एक उदाहरण २०२३ मधलं आहे. अमेरिकेत खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने आपली माणसांची हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं. त्याच सुमारास त्यांचा 'टेसा' नावाचा चॅटबॉट वापरणाऱ्यांना वजन कसं घटवावं, उष्मांक कसे मोजावेत असे सल्ले देतो आहे, हे उघड झालं आणि तोही बंद करावा लागला. तो सल्ला एरवी कुठल्याही आरोग्य पत्रकात छापलेला असतो. पण उपाशी राहून स्वतःला संपवत आणणाऱ्या माणसाला तो देणं म्हणजे बुडणाऱ्याच्या हाती दगड देणं. कुणाशी बोलतोय ते कळलं नाही, तर बरोबर माहितीही घात करते.

मग दोन वेगळे नंबर ठेवावेत का? युरोपीय संघाने तसं केलं आहे. ११६ ने सुरू होणारे नंबर समाजोपयोगी सेवांसाठी राखून ठेवताना भावनिक आधारासाठी ११६ १२३ दिला आणि तातडीच्या नसलेल्या वैद्यकीय मदतीसाठी ११६ ११७. कागदावर हे नेटकं दिसतं. पण नंबर निवडायची जबाबदारी पुन्हा फोन करणाऱ्यावरच पडते. इंग्लंडने २०२४ मध्ये उलट दिशा धरली आणि १११ वरच मानसिक संकटासाठी वेगळा पर्याय दिला. हे मला जास्त पटतं, कारण लोकांना एकच नंबर पाठ होतो. मात्र तिथेही बटण दाबायचं आहे फोन करणाऱ्यानेच. भारतात १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ वर चोवीस तास, अनेक भारतीय भाषांतून चालते. प्रशिक्षित समुपदेशक फोन घेतात आणि गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञांपर्यंत पोचवतात. रचनेचा हा भाग, म्हणजे पहिल्या माणसाच्या मागे दुसरा माणूस उभा असणं, मला सर्वांत मोलाचा वाटतो.

माझी मागणी अशी आहे. दार एक असावं आणि आत खोल्या दोन असाव्यात. दारात यंत्र नको, माणूस हवा. त्याने आधी जिवाला धोका आहे का ते पाहावं, आणि मग बोलणाऱ्याला योग्य खोलीत नेऊन सोडावं. 'नेऊन सोडणं' हे शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. आज बहुतेक ठिकाणी "हा नंबर लिहून घ्या" असं सांगून फोन ठेवला जातो. ज्याने एक फोन लावायला तीन दिवस धीर गोळा केला, तो दुसरा लावेलच याची काय खात्री? पहिल्याने लाइन धरून ठेवावी, दुसऱ्याला थोडक्यात सांगावं, "आता हे तुमच्याशी बोलतील" असं म्हणावं आणि मगच बाजूला व्हावं. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी त्या बाईंनी डॉक्टरांना लाइनवर घेतलं होतं, ते हेच होतं. शरीरासाठी जे जमतं ते मनासाठी न जमायला कारण नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो. तो खोटा नाही. ऐकणाऱ्यांची वेगळी फळी उभी करायची तर माणसं जास्त लागतील, कारण एकेक फोन लांबेल. पण आज जो हिशेब मांडला जातो तोच मुळात एका खोलीचा आहे. किती फोन आले आणि सरासरी किती मिनिटांत संपले, हे दोन आकडे अहवालात वरती असतात. आरोग्य सल्ल्याच्या खोलीत कमी मिनिटं हे चांगल्या कामाचं लक्षण असू शकतं. ऐकण्याच्या खोलीला तीच फूटपट्टी लावली की ऐकणारा घड्याळाकडे बघत बोलतो, आणि बोलणाऱ्याला ते फोनवरूनही कळतं. दुःखातल्या माणसाला समोरच्याची घाई सगळ्यात आधी ऐकू येते.

त्याऐवजी मोजायचंच तर हे मोजावं: एका माणसाला आपली गोष्ट किती वेळा पहिल्यापासून सांगावी लागली? नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेली बाई ती गोष्ट पहिल्यांदा सांगते तेव्हा तिचा आवाज कापत असतो. चौथ्यांदा सांगते तेव्हा तो सपाट झालेला असतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की हिला फारसं काही झालेलं नाही. या एका आकड्यात सगळ्या व्यवस्थेची परीक्षा होते. शिवाय किती फोन उचललेच गेले नाहीत, आणि ऐकणाऱ्या खुर्चीवर एकच माणूस किती महिने टिकतो, हेही त्याच पानावर असावं.

नुसतं ऐकून काय होतं, असं विचारणारेही आहेत. संशोधक ब्रायन मिशारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या संकटकाळच्या फोनसेवांवरची हजारो संभाषणं मूकपणे ऐकून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे ऐकणाऱ्याने आदर आणि सहानुभूती दाखवली, बोलणाऱ्याबरोबर मिळून मार्ग शोधला, तिथे संभाषणाच्या शेवटी माणूस अधिक सावरलेला आढळला. त्याच अभ्यासात एक अस्वस्थ करणारी गोष्टही निघाली: कितीतरी फोनवर आत्महत्येबद्दलचा थेट प्रश्न विचारलाच गेला नव्हता. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा समज चुकीचा आहे हे आता पक्कं झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सात लाखांहून अधिक माणसं आत्महत्येने जातात. तो प्रश्न साध्या आवाजात विचारता येणं हे दोन्ही खोल्यांतल्या प्रत्येकाला शिकवलं पाहिजे. तेवढी एक गोष्ट मी सामाईक ठेवीन.

खोल्यांमधली भिंत मात्र एका बाबतीत पक्की हवी, आणि ती म्हणजे नोंदी. वारांनी फोन सुरू केला तेव्हा इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. कायदा १९६१ मध्ये बदलला. अशा काळात गुप्तता पाळणं ही फोन येण्याची पहिली अटच होती. आज भीती निराळी आहे. रात्री कुणापाशी तरी बोललेली वाक्यं आपल्या आरोग्याच्या कागदपत्रांत जाऊन बसतील, मग विमा कंपनीकडे, मग नोकरी देणाऱ्याकडे, ही ती भीती. ती कल्पनेतली नाही. संदेशांवरून आधार देणाऱ्या अमेरिकेतल्या 'क्रायसिस टेक्स्ट लाइन' या संस्थेने संभाषणांची माहिती, नावं-खुणा काढून का होईना, आपल्याशी संबंधित व्यापारी कंपनीला दिली होती. जानेवारी २०२२ मध्ये ते बाहेर आलं, आणि टीका झाल्यावर काही दिवसांत ते थांबवावं लागलं. नावं काढली होती, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. बोलणाऱ्याने ते शब्द एका माणसाला दिले होते. ऐकण्याच्या खोलीतून सल्ल्याच्या खोलीत काय न्यायचं हे बोलणाऱ्यानेच ठरवावं, आणि जिवाला धोका दिसला तर आपण कुणाला कळवू, हे त्याला पहिल्या दोन मिनिटांत सांगितलेलं असावं. कळवण्याच्या बाबतीत सेवांची धोरणं वेगवेगळी आहेत, असोत. धोरण लपवलेलं नसावं.

नेहमीच्या फोन करणाऱ्यांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. प्रत्येक सेवेला असे लोक माहीत असतात, रोज ठरल्या वेळी फोन करणारे, तेच ते सांगणारे. खरोखरच्या संकटातल्या माणसाची लाइन ते अडवतात असं म्हणून त्यांच्यावर मर्यादा घातल्या जातात. लाइन अडते हे खरं आहे. पण दिवसभरात ज्याच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडलेलं नाही, त्याच्या फोनला संकट म्हणायचं नाही, हे मला मान्य होत नाही. त्यांच्यासाठी वेगळी वेळ आणि ठरलेला माणूस ठेवला तर लाइनही मोकळी राहील आणि तो माणूसही पुढचा फोन घाबऱ्याघुबऱ्या करणार नाही.

हे सगळं ज्यांच्या जिवावर चालायचं, त्या ऐकणाऱ्यांकडे बघितलं तर लाज वाटावी अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी दिसते. एखाद्याचा फोन मध्येच तुटतो आणि पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. पुढच्या मिनिटाला दुसरा फोन वाजतो. कामाची पाळी संपल्यावर कुणाशी तरी बसून ते सगळं बोलून टाकायची सोय ही चैन समजली जाते. आरोग्य सल्ल्याच्या खोलीत चुकीच्या सल्ल्याचा जाब विचारणारे वरिष्ठ असतात. ऐकण्याच्या खोलीत ऐकणाऱ्याचं ऐकणारा वरिष्ठ असायला हवा, आणि तो पगारी हवा, सवड मिळेल तेव्हा येणारा नको.

दोन्ही खोल्यांच्या मधोमध जो माणूस बसेल, त्याच्या प्रश्नमालेत मी एकच प्रश्न वाढवीन. शरीराचे सगळे प्रश्न संपल्यावर, "आणखी काही मदत हवी आहे का?" याच्या आधी: "हे सुरू झालं त्या सुमाराला घरात काही घडलं होतं का?" त्या रात्री मला एवढं विचारलं असतं, तर मी वडिलांबद्दल सांगितलं असतं.